पाहुण्यांचे कपडे

क्लबात तिला सगळे मावशी म्हणत. खेळाडू म्हणत, गवत कापणारे म्हणत, तिकीट खिडकीवरचा कारकून म्हणे आणि तिच्याहून वयाने चांगले मोठे असलेले अध्यक्षसुद्धा म्हणत. "एवढी भाचरं देवाने आयती दिली," ती म्हणायची, "आणि सगळी धडधाकट. फक्त चिखलात लोळायची खोड तेवढी कुणाची जात नाही."

मावशी फुटबॉल क्लबाचे कपडे धुवायची. पूर्वेकडच्या स्टँडच्या पोटात, जिन्याखाली तिची खोली होती. छत तिरपं, त्यामुळे दारापाशी ताठ उभं राहता यायचं आणि आत मोरीकडे जाताना वाकावं लागायचं. दोन मोठी मशीनं, एक दगडी टाकी, इस्त्रीचं लांबलचक टेबल आणि फळीवर एक रेडिओ. थंडीत सगळ्या मैदानावर हीच एक खोली ऊबदार, म्हणून पाय मुरगळलेला कुणी ना कुणी खेळाडू तिथे स्टुलावर बसलेला असायचाच. डोक्यावरच्या पायऱ्यांवर आपलेच लोक बसत. ते उड्या मारू लागले की छताचा चुना इस्त्रीच्या टेबलावर भुरभुरायचा आणि आपला गोल झाला हे मावशीला कळायचं. समोरच्यांचा गोल झाला की चुना पडत नसे, नुसती शांतता पडायची. इतकी वर्षं क्लबात काढूनही तिने पूर्ण सामना क्वचितच पाहिला असेल.

तिचा नवरा याच मैदानावर रेषा आखायचा आणि गवत राखायचा. तो तरुणपणीच गेला तेव्हा क्लबाने तिला बोलावून ही खोली दिली. घरचं धुणं तिला येत होतं, पण अकरा माणसांचा चिखल, घाम आणि रक्त म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तिने रक्ताचे डाग पडलेले पांढरे शर्ट उकळत्या पाण्यात टाकले. आणि ते शर्ट आपल्या क्लबाचे नव्हते, पाहुण्यांचे होते.

त्या काळी या लीगमध्ये एक रीत होती. पाहुण्या संघाचे कपडे यजमानांनी धुवायचे. संघ तेव्हा रेल्वेने यायचे, प्रवास लांबचे, ओले कपडे पेटीत कोंबले की घरी पोचेपर्यंत त्यांना असा वास सुटायचा की डब्यातली माणसं जागा सोडून उठायची. म्हणून खेळाडू पुढे जायचे, कपडे सांभाळणारा माणूस एक रात्र मागे राहायचा आणि सकाळी धुतलेले, इस्त्री केलेले कपडे घेऊन गाडी पकडायचा. आज तुम्ही आमचे धुवा, परतीच्या सामन्याला आम्ही तुमचे धुतो. लिहिलेलं कुठेच नव्हतं, पण मोडायचं कुणी नाही.

त्या पहिल्या आठवड्यातले पाहुणे म्हणजे देशातला सगळ्यात बडा क्लब. त्यांचे कपडे सांभाळणारे गृहस्थ सकाळी आले तर ही नवी बाई टाकीपाशी डोळे पुसत उभी. शर्टांवरचे लाल डाग तपकिरी होऊन पक्के बसले होते. त्यांनी शर्ट उचलून उजेडात धरला, खाली ठेवला आणि बाह्या सरसावल्या.

"ताई, रक्ताला गरम पाणी दाखवायचं नाही. त्याला थंड पाणी, साबण आणि जरा धीर. आणि असं रागाने चोळायचंही नाही, शर्टाने तुमचं काही बिघडवलेलं नाही. हे बघा."

ते सकाळची गाडी चुकवून दुपारपर्यंत तिला शिकवत राहिले. गवताचं काय करायचं, चुन्याच्या रेषेचं काय करायचं, पाठीवरचे आकडे इस्त्रीने वितळू नयेत म्हणून शर्ट उलटा कसा करायचा. डाग काही पूर्ण गेले नाहीत. "जातील हळूहळू," ते म्हणाले आणि तसेच घेऊन गेले. त्या दिवसापासून ती त्यांना दादा म्हणू लागली. बाकीचे सगळे त्यांना पेटीवाले म्हणत, कारण ते कुठेही गेले तरी खुर्चीवर न बसता आपल्या कपड्यांच्या पेटीवर बसत.

मावशीची जी काही कला होती ती त्या एका दुपारची होती, असं ती स्वतः सांगायची. तिच्या त्या हातावरच मुलीचं शिक्षण झालं, लग्न झालं, डोक्यावरचं छप्पर टिकलं.

पुढे संघ बसने येऊ लागले, मोठ्या क्लबांनी स्वतःची धुलाईघरं थाटली आणि पाहुण्यांचे कपडे धुवायची रीत आपोआप विरून गेली. राहिले ते एकटे पेटीवाले. त्यांच्या क्लबात म्हणे ओळीने मशीनं होती, नुसतं बटण दाबायचं. तरी वर्षातून एकदा, आमच्या गावी सामना असला की, ते बस पुढे जाऊ देत, स्टेशनजवळच्या लॉजमध्ये राहत आणि पेटी मावशीकडे ठेवत. "आमच्या मशीनला गवत कळत नाही," असं कारण सांगत. खरं कारण मावशीच्या हातचा चहा आणि दोन तासांच्या गप्पा, हे सगळ्यांना माहीत होतं.

तर, ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी सामना एक-एक असा बरोबरीत सुटला होता. म्हणजे चुना एकदाच पडला होता. बाहेर अंधारून आलं होतं, पेटीवाले पेटीवर बसून चहा घेत होते, मावशी शर्ट मोजून थंड पाण्यात भिजत घालत होती आणि मावशीची धाकटी जाऊ मोज्यांच्या जोड्या लावत होती. स्वतःची मुलं मोठी झाल्यावर ही धाकटी मदतीला येऊ लागली होती. हाताने चपळ आणि जिभेने त्याहून चपळ.

फळीवरच्या रेडिओवर बातम्या लागल्या. देशोदेशीचे दहा-पंधरा बडे क्लब आपापल्या लीगमधून फुटून स्वतःची एक वेगळी लीग काढणार होते. तिथे कायम तेच क्लब खेळणार. खालून कुणी वर यायचं नाही, वरून कुणी खाली जायचं नाही. क्लबांची नावं वाचून दाखवली. तिसरंच नाव पेटीवाल्यांच्या क्लबाचं.

धाकटीने मोजा खाली ठेवला. "दादा, तुमचं नाव आलं हो. अभिनंदन करू की भांडू?"

"मला काय विचारता?" पेटीवाले म्हणाले. त्यांचा कप हवेतच राहिला होता. "मीही आत्ताच ऐकतोय. तुमच्या रेडिओवर."

"म्हणजे तुम्हाला सांगितलंच नाही?"

"मालक मला विचारून दाढी करतात असं वाटलं का तुम्हाला?"

ते हसले, पण त्यांना लागलं होतं. इतकी वर्षं ज्या क्लबाची पेटी वाहिली त्याची बातमी परक्या घरी, मोरीजवळ बसून ऐकायची. मावशीने त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

थोड्या वेळाने त्यांनी आपल्या घराची बाजू घ्यायला सुरुवात केली. माणूस घेतोच. "हे बघा, सगळंच वाईट नाही त्यात. आमचे निम्मे सामने सहा-शून्य, सात-शून्य. कोण बघणार ते? बडे विरुद्ध बडे असं दर आठवड्याला झालं तर लोक जगाच्या पाठीवर कुठूनही बघतील. आणि उत्पन्न पक्कं होईल. एक मोसम खराब गेला ना ताई, की खेळाडूंना कुणी हात लावत नाही, त्यांचे करार असतात. घरी कोण जातं? माळी, स्वयंपाकी, दारावरचा माणूस. मी दोनदा बघितलंय. दुसऱ्या वेळी माझंच नाव यादीत होतं, जरा वरती असतं तर गेलोच होतो. खाली घसरायची भीती नसेल तर ही माणसं तरी सुखाने झोपतील."

"तुमची माणसं सुखाने झोपतील," धाकटी म्हणाली. "आणि आम्ही? अध्यक्षांनी मागच्याच महिन्यात सांगितलंय, टीव्हीवाले पैसे देतात ते तुमचं तोंड बघून. तुम्ही गेलात की ते पैसे आटणार आणि पहिलं टाळं या खोलीला. धुणं बाहेर ठेकेदाराकडे."

"तुमचाही फायदा आहे त्यात. आम्ही दोघं-तिघंच वर्षानुवर्षं आलटून पालटून चषक नेतो. आम्ही गेलो की तो तुम्हालाही मिळू शकेल."

"व्वा! वर्गातली हुशार मुलं शाळा सोडून गेली आणि आमचं येडं पहिलं आलं! फोटो काढून भिंतीवर लावू."

पेटीवाले मोठ्याने हसले. मावशी हसली नाही. ती टाकीतल्या शर्टांकडे बघत होती. मग म्हणाली, "दादा, त्या लीगमध्ये शेवटचा जो येईल त्याचं काय होणार?"

"काही नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तोच."

"मग शेवटच्या सामन्याला तो धावेल कशाला?"

पेटीवाल्यांनी कप खाली ठेवला. ते उठले, टोपी घातली. दारात थांबून म्हणाले, "पुढच्या वर्षी हा चहा मिळतो की नाही कुणास ठाऊक."

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. कपडे सकाळी तयार असतील," मावशी म्हणाली.

ते गेल्यावर धाकटी उसळली. "धुताय कशाला? तसेच चिखलाचे बांधा आणि द्या. न्या म्हणावं नव्या लीगमध्ये."

"कपड्यांनी काय केलंय गं?"

सकाळी उजाडताच दोघी आल्या. बड्या क्लबाची जर्सी जुन्या पद्धतीची, सुताचं मिश्रण असलेली, स्वच्छ पांढरी. त्याचा त्यांना फार अभिमान. आमच्या क्लबाचा रंग गडद लाल. पांढरे कपडे मशीनमध्ये घालण्याआधी मावशी नेहमी आतून ड्रमवर सगळीकडे हात फिरवायची, कारण मोजा ही अशी वस्तू आहे की ती ड्रमच्या वरच्या बाजूला चिकटून बसते आणि खाली वाकून बघणाऱ्याला दिसत नाही. ही तिची इतक्या वर्षांची सवय.

त्या सकाळी धाकटी पुन्हा तोच विषय घेऊन बसली. "मी सांगते जाऊबाई, आजच अध्यक्षांना जाऊन विचारा. टाळं लागणार असेल तर आपण आधीच दुसरीकडे बघू."

"दुसरीकडे कुठे? या वयात मला कोण उभं करणार?" असं म्हणत मावशी तिच्याकडे वळली, आणि वळता वळता तिने शर्ट आत टाकले, दार लावलं, बटण दाबलं. बोलण्याच्या भरात हात फिरवायचा राहून गेला.

मशीन थांबल्यावर तिने दार उघडलं. आतले सगळे शर्ट गुलाबी. लहान बाळाच्या झबल्याचा असतो तसा नाजूक, एकसारखा गुलाबी. आणि वरून लोंबत होता गोलकीपरचा नवा कोरा लाल मोजा.

मावशी स्टुलावर बसली. धाकटीची जीभ आयुष्यात पहिल्यांदा टाळ्याला चिकटली. मग तिनेच कंबर कसली. पुन्हा पाणी, पुन्हा साबण, पुन्हा खळबळणं. रंग हलला नाही. ब्लीच घालायची सोय नव्हती, छातीवरचं चिन्ह उडालं असतं. पेटीवाल्यांच्या गाडीची वेळ जवळ येत चाललेली. "निदान वाळवून तरी देऊ," मावशी म्हणाली आणि स्टँडमागच्या दोरीवर एकेक शर्ट घालू लागली.

ही दोरी रस्त्याकडच्या लोखंडी कुंपणाला लागून होती. आणि त्या सकाळी रस्त्यावर गर्दी होती. फुटीर लीगचा निषेध करायला आमच्या क्लबाचे पाठीराखे फलक घेऊन जमले होते. त्यांना काय दिसलं? बड्या क्लबाच्या पांढऱ्याशुभ्र जर्सी ओळीने गुलाबी होऊन वाऱ्यावर डोलताहेत, आणि आपली मावशी तोंडात चिमटे धरून त्या एकेक टांगते आहे.

आधी एक जण हसला. मग शिट्या. मग "मावशी! मावशी!" असा घोष सुरू झाला. फोन वर झाले, फोटो निघाले. मावशीला वाटलं, लोक आपल्या फजितीला हसताहेत. तिने मान खाली घातली आणि उरलेले शर्ट भराभर टांगून आत पळाली. घटकाभरात ते फोटो कुठल्या कुठे पोचले. खाली लिहिलं होतं, "छोट्या क्लबाच्या धोबिणीचं बड्यांना उत्तर."

पेटीवाले आले ते गर्दीतून वाट काढत. दोरीसमोर उभे राहिले. मावशीने नुसता मोजा पुढे केला. त्यांनी तो पाहिला, शर्ट पाहिले.

"रंग पक्का बसलाय," ते म्हणाले. "पैसे देऊन असा बसत नाही."

आणि मावशी रडता रडता हसली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते ऐकत राहिले, "हो" म्हणाले, पुन्हा "हो" म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांचा चेहरा उतरला होता. क्लबाचे कपडे क्लबाबाहेर कुणाच्या हाती द्यायचे नाहीत असा नियम होता, आणि तो बरीच वर्षं कुणी वाचला नव्हता. आता वाचला होता. शत्रूच्या हातात कपडे देऊन क्लबाचं हसं केलं म्हणून त्यांना कामावरून दूर ठेवलं होतं. दोन दिवसांनी चौकशी.

"निवृत्तीला एक मोसम उरला होता," ते पेटीवर बसत म्हणाले. "पण जाऊ दे ताई. चालायचंच."

ते गाडीला गेले आणि अध्यक्ष आले. अध्यक्षांचं फरशांचं दुकान होतं आणि आवाज तिथल्या गोदामाएवढा. "मावशी! अहो काय केलंत! कमाल केलीत! आम्ही सगळे बैठका घेत बसलो आणि तुम्ही एका धुण्यात काम केलंत!"

"अहो साहेब, ते चुकून झालं."

"माहीत आहे. म्हणजे मला वाटलंच." आवाज खाली आला. "पण हे बाहेर बोलू नका. टीव्हीची गाडी येतेय. तुम्ही एवढंच म्हणा, हो, मुद्दाम केलं, हा आमच्या छोट्या क्लबाचा निषेध आहे. एवढं बोलाल तर या खोलीला हात लावायची कुणाची टाप आहे? ठेकेदाराचं नाव मी काढणार नाही. शब्द देतो."

माणूस वाईट नव्हता. क्लब वाचवायला तोही धडपडत होता. ते गेल्यावर धाकटी म्हणाली, "बोला ना जाऊबाई. एक वाक्य तर आहे. आणि लोक तुम्हाला डोक्यावर घेताहेत."

"आणि दादांचं काय? मी मुद्दाम केलं म्हटलं तर त्यांनी शत्रूकडे कपडे दिले हे खरंच ठरेल. धुताना चूक झाली म्हटलं तर ती कुठेही होते."

"आणि आपलं काय?"

 खोटं बोलायचं नाही हे मावशीने लगेच ठरवलं होतं, त्यात तिला मोठेपणा वाटत नव्हता. तिला जड जात होतं ते वेगळंच. आपल्या हातून पांढऱ्याला रंग लागला, हे चारचौघांत स्वतःच्या तोंडाने सांगायचं. चोख धुण्याचा तो एकच मान तिने आयुष्यात कमावला होता.

टीव्हीची मुलगी तरुण आणि गोड होती. "मावशी, हे कसं सुचलं तुम्हाला?"

"सुचलं नाही. मशीनमध्ये मोजा राहिला होता. मी बघायला हवा होता, बघितला नाही. चूक माझी."

गर्दीतून हशा आणि टाळ्या. "बघा कशी टोला मारतेय!" कुणीतरी ओरडलं. मुलगीही डोळे मिचकावून हसली. "पण राग तर आला असेल ना त्या बड्या क्लबांचा?"

"आला ना. माझी नोकरी जाईल त्यात. पण त्यांचंही काही खोटं नाही. रोज चांगला खेळ बघायला मिळेल, त्यांच्या माळ्या-स्वयंपाक्यांची पोटं सुरक्षित राहतील, आमच्या मुलांना कदाचित चषकही मिळेल. हे सगळं मला त्यांच्याच एका भल्या माणसाने समजावलंय. मला फक्त एवढंच वाटतं, की हरलं तरी ज्यांचं काही जात नाही त्यांचा खेळ किती दिवस बघणार? मागच्या वर्षी शेवटच्या दिवशी आमचा क्लब खाली जाता जाता वाचला. त्या दिवसाचे कपडे मला तीनदा धुवावे लागले. असे कपडे धुवायलाही बरं वाटतं." मग ती थांबली आणि एकदम म्हणाली, "आणि त्यांच्या कपडेवाल्या दादांनी काही केलेलं नाही. त्यांनी विश्वासाने दिले, मी बिघडवले. त्यांना काढू नका."

तिचं म्हणणं कुणी खरं मानलं नाही. लोकांना ती विनयाने बोलतेय असं वाटलं. बड्या क्लबाच्या स्वतःच्या पाठीराख्यांनासुद्धा ही फुटीर लीग नको होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातले कितीतरी जण गुलाबी शर्ट घालून आपल्याच क्लबाच्या दारात जाऊन बसले. अध्यक्षांनी मात्र तिचं बोलणं नीट ऐकलं होतं. ते दोन दिवस जिन्यावरून जाताना खोलीत डोकावले नाहीत.

चौकशीच्या दिवशी मावशीने धाकटीला घेतलं आणि कुणी न बोलावता रेल्वेने बड्या क्लबाचं शहर गाठलं. काचेची इमारत, दारात गुलाबी गर्दी. "मावशी आली!" म्हणून त्यांनीच वाट करून दिली, नाहीतर आत कुणी सोडलं नसतं. वरच्या मजल्यावर पेटीवाले बाकावर बसले होते. पेटी जवळ नव्हती, त्यामुळे हात कुठे ठेवावेत ते त्यांना समजत नव्हतं.

"ताई! तुम्ही कशाला आलात?"

"चहा प्यायला," धाकटी म्हणाली. "इथे मिळतो ना?"

चौकशीच्या खोलीत एक अधिकारी बाई आणि एक वकील होते. बाई थकलेल्या होत्या. टेबलावरचा फोन सारखा वाजत होता आणि त्या तो उचलून सारखा खाली ठेवत होत्या.

"तुम्ही हे मुद्दाम केलंत असं सगळं जग म्हणतंय," वकील म्हणाले.

"जग माझ्या धुण्याच्या खोलीत नव्हतं."

"पुरावा काय?"

मावशीने पिशवीतून लाल मोजा काढून टेबलावर ठेवला. वकील खुर्चीसकट मागे सरकले.

"हा... धुतलेला आहे ना?"

"हो. तुमच्याच कपड्यांबरोबर धुतला."

अधिकारी बाईंनी तोंडावर हात धरला, पण हसू बोटांमधून निसटलंच. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला आणि या वेळी त्यांनी ऐकून घेतला. ऐकता ऐकता उभ्या राहिल्या. दोन क्लबांनी फुटीर लीगमधून अंग काढून घेतलं होतं, तिसरा त्यांचाच क्लब होता. मालक तासाभरात जाहीर करणार होते. गुलाबी शर्टांचा विषय आता कुणालाच कुठेही नको होता.

"लेखी ताकीद द्या आणि त्यांना कामावर जाऊ द्या," त्या वकिलांना म्हणाल्या. मग पेटीवाल्यांकडे वळल्या. "पण नियम म्हणजे नियम. यापुढे क्लबाचा एक रुमालसुद्धा बाहेर धुवायला द्यायचा नाही."

एवढ्यावर निभावलं. बाहेर आल्यावर पेटीवाले काही बोलायला गेले.

"काही म्हणू नका दादा," मावशी म्हणाली. "म्हणायचं माझंच राहिलंय. तुम्ही त्या दिवशी गाडी चुकवलीत म्हणून मला हे काम आलं. माझ्या पोरीच्या पुस्तकांचे पैसे त्यातून निघाले. मी कधी बोलले नाही, कारण आपण नेहमी डागांबद्दलच बोलत बसलो."

लीग मोडली ती मावशीमुळे, असं आजही काही लोक सांगतात. ती ऐकून घेत नाही. एका मोज्याने लीग मोडत नाही, म्हणते. पाठीराखे होते, खेळाडू होते, जाहिरातवाले घाबरले. आणि पेटीवाल्यांनी त्या संध्याकाळी सांगितलेलंही खोटं ठरलं नाही. पुढचा मोसम त्यांच्या क्लबाला वाईट गेला आणि दोन माळी व स्वयंपाकघरातली एक बाई घरी बसली. मावशीला त्या बाईची आठवण अजून येते, तिने तिला कधी पाहिलेलं नसलं तरी.

आमच्या क्लबाला टीव्हीचे पैसे मिळत राहिले आणि खोलीला टाळं लागलं नाही. एक दिवस अध्यक्षांनी दारात उभं राहून घसा साफ केला. "मावशी, त्या दिवशी मी तुमच्या तोंडी जे घालत होतो ना, ते... बरं झालं, नाही बोललात." आणि इस्त्रीच्या टेबलावरून आपला टॉवेल घेऊन ते घाईने निघून गेले.

पुढच्या वर्षी बडा क्लब खेळायला आला. सामना संपल्यावर बस मैदानाबाहेर पडली. या वेळी पेटी बसमध्ये गेली होती, कुलूप लावून. मावशीने तरी चहा ठेवला होता. सवयीने ठेवला, असं ती धाकटीला म्हणाली.

दारात पेटीवाले उभे होते. त्यांची निवृत्ती आठवड्यावर आली होती. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं होतं. आत आले, बसायला पेटी नव्हती म्हणून आयुष्यात पहिल्यांदा स्टुलावर बसले आणि पुडकं मावशीपुढे केलं. आत एक पांढरा शर्ट होता, कॉलरवर शाईचा डाग.

"हा क्लबाचा नाही," ते म्हणाले. "माझा आहे. निरोपाच्या समारंभाला घालायचाय. याला नियम लागू नाही, वकिलांना विचारून आलोय."

धाकटीने शर्ट उजेडात धरला. "पांढराच आणलात दादा? छाती आहे तुमची!"

मावशीने तो तिच्या हातातून काढून घेतला, टाकीत थंड पाणी सोडलं आणि म्हणाली, "तू चहा ओत गं. आणि जरा वेळ माझ्याशी काही बोलू नकोस."